जीपला धुरी

डिचोलीत तांबड्या रंगाकडे कोणी लक्ष देत नाही. खाणीचे ट्रक दिवसभर जातात, धूळ उडते. झाडांची पाने, शाळेच्या भिंती, वाळत घातलेले कपडे, सगळे एकाच रंगाचे होते. गाडीखालून तांबडे पाणी गळाले तर माणूस म्हणतो, खाणीची माती. असे म्हणतो आणि पुढे जातो. बहुतेक वेळा ती मातीच असते.

सगुण गावसचे पोट उरलेल्या वेळांवर चालले.

तो मूळचा पेडण्यातल्या कोरगावचा. खाणी नव्याने उघडल्या तेव्हा, पोर्तुगीज अमलात, तो डिचोलीला आला. आधी डोक्यावरून टोपल्यांनी खनिज वाहिले. मग कोणीतरी त्याच्या हातात पाना दिला आणि तो जीपगाड्यांच्या शेडमध्ये गेला. तिथेच त्याचे केस पिकले. डिचोलीला एक खोली, कोरगावला घर, बायको, थोडे भात, थोडे काजू. शनिवारी संध्याकाळी घरी जायचा, सोमवारी उजाडता परत.

शेडचा मुख्य मारुती मेस्त्री. हा कागलकडचा. बोलायला मोकळा, कामाला कडक. त्याने सगुणला जे शिकवले ते एका गोष्टीभोवती होते.

जीपचे सगळे वजन चासीवर असते. चासी म्हणजे दोन लांब लोखंडी दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. हे दांडे बाहेरून भरीव दिसतात, पण पुष्कळ ठिकाणी आतून पोकळ असतात, पेटीसारखे. खालच्या अंगाला लहान लहान भोके ठेवलेली असतात. आत गेलेले पाणी उतरून जावे म्हणून. डिचोलीतले लोक नेमकी हीच भोके बुजवायचे. लाकडाची खुंटी मारायचे, वर डांबर फासायचे. धूळ आत जाऊ नये म्हणून. ज्या गावात खिडकीच्या फटीत ओली चिंधी कोंबून जेवायला बसतात, तिथे माणसाला उघडे भोक बघवत नाही. धूळ मात्र दुसरीकडून जायचीच. आत जाऊन बसायची, पावसाळ्यात पाणी प्यायची आणि उन्हाळाभर ओलसर राहायची. लोखंड आतून संपत यायचे. बाहेरचा रंग तसाच चकचकीत.

“सगुणा, उसाच्या फडात उंदराचं बीळ बघितलंयस का कधी?” मेस्त्रीने एकदा विचारले.

“आमगेर ऊस नाय, मेस्त्री. भात.”

“मग भाताच्या बांधावर बघितलं असशील. उंदीर काय ऊसच खातोय व्हय? एका भोकात धूर घालायचा आणि गप बसायचं. दुसऱ्या चार भोकांतनं भाईर येतोय. मग कळतंय, घर केवढं हाय त्ये. ही चासी म्हंजे बीळच हाय बघ.”

एका डब्यात नारळाची सोडणे, म्हणजे वरची सुकी साले, पेटवायची, भात्याने धूर दांड्याच्या एका टोकात सोडायचा आणि गाडीभोवती फिरायचे. जिथून धूर यायला हवा तिथून आला नाही, तर आत कोंडले आहे. जिथून यायला नको तिथून आला, तर खाल्ले आहे. मेस्त्रीचा नियम एवढाच होता. पुढचे काम त्यावरून ठरायचे. सायकलची चेन तारेला बांधून दांड्याच्या आत घालायची आणि मागेपुढे ओढायची, म्हणजे आतला गंज सुटतो. मग पाणी मारायचे. मग उन्हात कोरडे, अगदी ठणठणीत होऊ द्यायचे. मग पुन्हा धूर. खाल्लेले कापून नवे जोडायचे. शेवटी आत तेल ओतून गाडी आधी पुढून उचलायची, मग मागून, म्हणजे तेल सगळीकडे फिरते. आणि भोके उघडी ठेवायची. कोणी काही म्हणो.

मेस्त्री इंजिनाच्या जुन्या तेलात मेणबत्तीचे मेण वितळवून घालायचा. सगुणने त्यात आपल्या गावची भर घातली, काजूच्या टरफलांचे तेल. कोरगावात घराच्या वाशांना वाळवी लागू नये म्हणून ते लावतात, किनाऱ्यावर होड्यांना लावतात. काळेकुट्ट, दाट, आणि अंगावर पडले तर फोड आणणारे. हाताला आधी खोबरेल चोळून मगच त्याला शिवायचे. वाळले की लोखंडावर कातडीसारखे बसते.

“तुमच्या गावचं त्याल माणसाला सोलतंय आणि लोखंडाला राखतंय,” मेस्त्री म्हणाला. “उलटंच हाय तुमचं सगळं.” पण तेल त्याने वापरले.

मेस्त्री पुढे कागलला परत गेला. धूर सगुणकडे राहिला. बाहेरचे जीपवालेही त्याच्याकडे येऊ लागले. गाडी जुनी असो, कोणाला नवी करून घ्यायची असो, सगुणचे एकच. आधी धुरी, मग बोलणी. लोक त्याला भटजी म्हणायचे. एकदा कृष्णनाथ नावाचा कंत्राटदार जीप घेऊन आला. नवा रंग, नवी गादी, पुढे झेंडूची माळ. सगुणने धूर घातला आणि तो चारी अंगांनी बाहेर पडला.

“तुवें माझ्या गाडयेक उजो घालो!” गाडीला आग लागली असे वाटून कृष्णनाथ ओरडला.

“उजो घालूक नाय. भोकां दाखयलीं.”

“इतकीं वर्सां चलता ती. कितें जालें तिका?”

“आजवर तुटूक नाय हें तुमचें नशीब, बाब. नशिबार वजन घालू नकात.”

हे वाक्य पुढे शेडमध्ये सगळ्यांना पाठ झाले. चहाचा ग्लास काठोकाठ भरला तरी कोणीतरी म्हणायचे, नशिबार वजन घालू नको.

सगुण निवृत्त झाला तेव्हा खाणीने त्याला एक जीप दिली. शेडच्या मागे दोन मोडीत काढलेल्या जीपगाड्या होत्या. मॅनेजर म्हणाला, हवी ती ने. एक बाहेरून कुजकी होती, पत्रा लोंबत होता. दुसरी अंगाने धडधाकट. ती दुसऱ्या एका खाणीकडून आलेली होती. तिच्या दांड्यांची सगळी भोके डांबराने नीट बुजवलेली होती. सगुणने ती निवडली. तिथेच, शेडच्या सावलीत, सोडणांचा डबा आणि भाता दोन्ही होते. त्याने धूर घातला नाही. घरी नेऊन घालू म्हणाला. ट्रकच्या मागे बांधून त्याने जीप कोरगावला आणली.

जीप त्याला मिरवायला नको होती. आदल्या हिवाळ्यात भाषेचे आंदोलन पेटले होते, रस्ते बंद पडले होते. कोरगावच्या बायका दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला भाजी नेतात. त्या बायका तिठ्यावर टोपल्या घेऊन बसल्या आणि बस आलीच नाही. सगुणची चुलत वहिनी आनंदी त्यांच्यात वयाने मोठी आणि तोंडाने त्याहून मोठी. ती टोपलीवर बसून राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिली, “मराठी येवं दी नायतर कोकणी येवं दी, माझो मुळो मात्र कुसलो.” सगुण घरी बोलायचा ते एक आणि पेपरात वाचायचा ते दुसरे. त्याला दोन्ही पुरत होते. त्याच्या डोक्यात राहिला तो मुळा. आपली गाडी असती तर, असे त्याला वाटले होते. आता गाडी आली. मेच्या शेवटी गोवा राज्य झाले, तिठ्यावर मिठाई वाटली, आणि त्या मिठाईच्या हातानेच त्याने बायकांना शब्द दिला. दर शुक्रवारी जीप. पहिली फेरी चवथीच्या माटोळीची.

चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात. तिला रानातली फळे, सुपारीची शिंपुटी म्हणजे घड, आंबाडे, लिंबाच्या जातीची मोठी तोरिंगे, वेली बांधतात. ती माटोळी. ही रानफळे गोळा करायला बायका डोंगरात जातात, पावसात, काट्यांत. म्हापशाला त्यांचा बाजार भरतो तो चवथीच्या तोंडावर. त्या दिवसांत माल पोचला तर पोचला. चवथ झाली की तीच फळे बकरीसुद्धा हुंगून सोडते.

“बसच्या टपार अर्धो माल चिरडता,” आनंदी म्हणाली. “तुझी जीप खरीच येतली मां रे, सगुणा?”

“येतली, वयनी.”

“बघ हां. न्हवरो नटता नटता मुहूर्त चुकता, तसां करू नको.”

तो पावसाळा सगुणने जीपखाली घालवला. घराच्या बाजूला झावळ्यांचा मांडव घातला होता. इंजिन उतरवले, घासले, चढवले. ब्रेक नवे केले. मागे दोन बाके बसवली. भोकांतल्या खुंट्या त्याने काढल्या, तेव्हा तांबडा चिखल आला, मग तांबडे पाणी आले. पाणी मारले, आणखी आले. चेन मात्र आत घातली नाही. चेन ओढली की कच्चे असेल ते तुटते. हातोडा त्याने मारला. पण पाहुण्याच्या पाठीवर थाप मारावी तसा मारला. मग वरून रंग दिला, हिरवा, आणि तो छान बसला.

शेवंती, त्याची बायको, अंगण सारवताना जीपखाली वाकली.

“अवो, ह्यां तांबडां कसलां?”

“खाणीची माती गो.”

“खाण डिचोलेक रवली. गाडी आख्खो पावस धुतात. माती अजून सरूक नाय?”

“भितुर बसलेली असता. येता हळूहळू.”

तिने त्या ठिपक्यांवरून शेणाचा हात फिरवला. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा होते.

शेवंतीने सगुणबरोबर डिचोलीत फारसे दिवस काढले नव्हते. पण दर शनिवारी तो घरी आला की कोणाच्या गाडीतून कुठे धूर आला हे ती जेवताना ऐकायची. इतकी वर्षे ऐकून तिला ते काम न पाहताच येत होते.

“दुसऱ्याच्या गाडयेक पयली धुरी,” ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली. “आमच्या गाडयेक कधी?”

“पावसात सोडणां सुकी खंय मेळतंत?”

चुलीवरच्या माळ्यावर सोडणे रचून ठेवलेली होती. धुराने काळी झालेली, कोरडी खडखडीत. दोघांनाही ती दिसत होती. तिने भाकरी उलटली.

तो वाईट माणूस नव्हता आणि आळशी तर नव्हताच. पण आयुष्यभर तो दुसऱ्याच्या गाड्यांपाशी उभा राहिला होता. तिथे धूर बाहेर आला की तो सांगायचा आणि हात पुसायचा. गाडी ज्याची त्याची असे. ही त्याची होती. हिच्यावर पुढचे शुक्रवार होते, तिठ्यावर दिलेला शब्द होता, खाणीतली सगळी वर्षे होती. धूर न घातलेली गाडी बिघडलेली नसते. ती फक्त धूर न घातलेली असते. तो तेवढ्यावर राहिला.

माटोळीच्या बाजाराच्या आदल्या दिवशी बायकांनी माल आणून सगुणच्या पडवीत रचला. शिंपुटी वाशाला टांगली, फळांचे घोस कोपऱ्यात लावले. घरभर रानाचा कडसर वास पसरला. पहाटे निघायचे ठरले. आनंदीने जीपभोवती फेरी मारली, बाकावर बसून पाहिले, उठून बसून पाहिले.

“आमदाराची गाडी अशी असता,” ती म्हणाली आणि घरी गेली.

तिन्हीसांज झाली. शेवंतीने देवापुढे दिवा लावला. धुपाटण्यात सोडणाचे निखारे घेतले, वर धूप टाकला. रोजच्याप्रमाणे देवघर केले, तुळस केली, गोठा केला. गुरांना डास चावू नयेत म्हणून गोठ्यात ती जास्त वेळ उभी राहायची. त्या दिवशी तिथून ती मांडवाकडे वळली. सगुण पायरीवर बसला होता.

“थंय काय गो?”

“धूप दाखयतंय. फाल्यां पयल्यांदा भायर पडतली ती.”

तिने मूठभर सोडण आणखी टाकले. मग जीपच्या मागे उकिडवी बसली, धुपाटणे उजव्या दांड्याच्या टोकाशी धरले आणि सुपाने वारा घालू लागली. धूर आत जाऊ लागला. देवाच्या गाडीलाही कोणी धूप असा दाखवत नाही. सगुण थांब म्हणाला असता तर ती थांबली असती. तो म्हणाला नाही.

थोडा वेळ काहीच झाले नाही. मग पुढच्या भोकातून धूर आला. जिथून यायला हवा तिथून. सगुणने श्वास सोडला. खालची भोके एकेक करून धुमसू लागली. तीही बरोबर होती. तो उठायला लागला.

तेवढ्यात स्टिअरिंगच्या पेटीखाली, जिथे भोक नव्हते, जिथे हिरवा रंग सर्वात छान बसला होता, तिथून एक बारीक धागा वर आला. उदबत्तीचा येतो तसा. सरळ. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग पुढच्या चाकाच्या वर, जिथे स्प्रिंगची कमान दांड्याला धरलेली असते, तिथून एकदम पुष्कळ.

शेवंती सुपाने वारा घालत होती. तिने वर पाहिले नाही. पाहायची गरज नव्हती, वास पुढून येत होता.

सगुण जीपखाली गेला. त्याने अंगठा टेकवला आणि दाबला. रंग दबला. आणखी दाबला, तेव्हा अंगठा आत गेला. मेस्त्री असता तर काय म्हणाला असता ते त्याला ऐकू आले. मग त्याला आपले स्वतःचेच वाक्य ऐकू आले, आणि तो बराच वेळ खालून बाहेर आला नाही.

शेवंतीने धुपाटणे आत नेऊन ठेवले. “जेवूक वाढलंय,” ती म्हणाली.

पहाटे बायका आल्या. पाऊस नुकताच थांबला होता. आनंदी पुढे होती, डोक्यावर चुंबळ, हातात कोयता.

“सगुणा, फळी लाय मागल्यान. शिंपुटी आधी घालया.”

“गाडी जावची नाय, वयनी.”

“जावची नाय म्हणजे?”

“चासी गंजान खाल्ल्यान. भितुरसून.”

“काल सांजेर तर बरी उबी होती!”

“उबी रवता. चलूक जावची नाय.”

मागच्या बायकांत कुजबुज झाली. आनंदी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “एक फेरी मार. हळू हळू चलय. म्हापसा गाठलां काय झालां. मगे तुटू दे.”

“पुढचां चाक सुटतलां. उतरणीर सुटलां तर तुमी सगळी खाली.”

“आमी भियेवूक नाय.”

“मी भितंय,” सगुण म्हणाला.

आनंदीला हे अपेक्षित नव्हते. ती वाकली. सगुणने दाखवलेल्या जागी तिने कोयत्याचे टोक लावले. पिकल्या पपईत जावे तसे ते आत गेले. तिने ते बाहेर काढले, टोकाला लागलेला तांबडा भुगा पाहिला आणि साडीला पुसला.

“माझ्या दातांसारखी गत,” ती म्हणाली. “भायरसून बरे दिसतंत.” मग ती उठली. “ह्यां तुका आज कळलां?”

सगुणने शेवंतीकडे पाहिले. शेवंती टोपल्या मोजत नव्हती, तरी टोपल्यांकडे बघत होती.

“काल,” तो म्हणाला. मग म्हणाला, “आधी बघूक होया होतां. मी बघलंय नाय.”

“मगे आता बसून काय रवलंस? शिंपुटी उचल. कारेर चुकली तर तुकाच माटोळीक बांधतंय.”

बसला कोरगावची जुनी माणसे अजून कारेर म्हणतात, पोर्तुगीज काळापासून. कारेर आली तेव्हा ती भरलेलीच होती. कंडक्टरने अर्धा माल टपावर घेतला आणि हात जोडले. बायका त्या मालाबरोबर गेल्या. उरलेला अर्धा घेऊन सगुण आणि शेवंती तिठ्यावर उभी राहिली. पुढची बस यायला वेळ लागला. पाऊस पुन्हा आला. सगुणने जीपसाठी आणलेली नवी ताडपत्री फळांवर घातली आणि दोघे भिजत उभे राहिले. बोलण्यासारखे जे होते ते तिने आदल्या संध्याकाळी सुपाने सांगितले होते.

म्हापशाला पोचेपर्यंत मोक्याच्या जागा गेल्या होत्या. कोरगावच्या बायकांना बाजाराच्या कडेला, गटाराशेजारी बसावे लागले. टपावरच्या मालातला बराचसा चिरडला होता. सगुण घोस हातात धरून उभा राहिला. लोक येऊन विचारायचे, ह्या फळाचे नाव काय, आणि त्याला ते येत नव्हते.

“कितें रे हें?” एका बाईने विचारले.

“फळ,” सगुण म्हणाला.

आनंदी खालून हसली. सकाळपासून पहिल्यांदा. “तो चासीवालो, बाय. तेका विचारू नको. हिकडे ये.”

संध्याकाळी पुष्कळ माल उरला. तो परत नेण्यात अर्थ नव्हता. बायकांनी तो तिथेच टाकला. आनंदीने एक तोरिंग उचलले आणि सगुणच्या हातात दिले. “तुझ्या माटोळीक.” त्याच्या घरच्या गणपतीवर ते मधोमध टांगले गेले. जेवताना, आरती करताना, त्याच्या डोळ्यांसमोर तेच येत होते.

चवथ झाली, गणपती गेले, आणि सगुणने जीप उघडली. बसवलेले सगळे पुन्हा उतरवले. इंजिन उतरवले. बाके काढली. मग उजवा दांडा पुढून कापला. आत लोखंड नव्हतेच म्हणायचे. पापुद्र्यांवर पापुद्रे, खाज्याच्या पाकासारखे चिकटलेले, हात लावला की सुटणारे. त्याने ते शेणाच्या टोपलीत भरले. टोपली भरली.

शेवंती येऊन उभी राहिली.

“खाणीची माती?” तिने विचारले.

“नाय,” तो म्हणाला. “लोखंड.”

तिने टोपली उचलली आणि माडाच्या बुंध्याशी ओतून आली.

डावा दांडाही अर्धा कापावा लागला. डिचोलीच्या शेडमध्ये जाऊन त्याने जाड पत्रा वाकवून आणला. तिथल्या लोकांनी विचारले, कोणाच्या गाडीला? माझ्या, तो म्हणाला. धुरीत दिसले काय? होय. कोणीतरी ते जुने वाक्य म्हणायला तोंड उघडले आणि मिटले. जोडकाम सगुणने स्वतः केले, सावकाश. मग उरलेल्या जुन्या भागातून सायकलची चेन ओढली. या वेळी हात पाहुण्याला थाप मारल्यासारखा हलका नव्हता. आतला गंज खडखडत बाहेर पडत राहिला. मग पाणी मारले, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग दसऱ्यानंतरचे कडक ऊन लागू दिले. आनंदी येता जाता विचारायची, “आमदाराची गाडी सुकली काय रे?” नाही, तो म्हणायचा. आणखी दोन उन्हे लागू दे.

एका संध्याकाळी त्यानेच शेवंतीकडून धुपाटणे मागून घेतले. तो मागे बसला, ती पुढे वाकून उभी राहिली.

“इलो?” त्याने विचारले.

“इलो.”

“आनीक खंय?”

ती सावकाश गाडीभोवती फिरली. स्टिअरिंगच्या पेटीखाली वाकून पाहिले, चाकाच्या वर पाहिले, हात फिरवून पाहिला.

“खंय नाय.”

“परत बघ.”

“बघलंय. खंय नाय.”

मग त्याने हातांना खोबरेल चोळले, काजूच्या टरफलांचे तेल आणि जुने तेल एकत्र तापवले, आणि दांड्यांत ओतले. जीप पुढून उचलली, मग मागून. एवढे करून मनगटावर एक फोड आलाच. भोके उघडी ठेवली. गावातल्या एकाने सुचवले, मी लाकडाच्या खुंट्या करून देतो, धूळ जाणार नाही. सगुण नको म्हणाला. खुंट्या करून देणारा रागावला.

दिवाळीच्या आदल्या शुक्रवारी जीप म्हापशाला गेली. मागे बायका आणि टोपल्या, पुढे शेवंती, मांडीवर आळसांद्यांच्या शेंगांची टोपली. कोलवाळच्या पुलाकडे उतरताना सगुणने गाडी जरा जास्तच हळू चालवली. मागून आनंदी ओरडली, “रे, प्रेत घेवन चललंस काय?” त्याने वेग वाढवला नाही.

बाजारात ऊन होते. आनंदीने मुळ्याची टोपली सावलीला म्हणून जीपखाली सरकवली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला.

“सगुणा! गळता रे तुझी गाडी! माझो मुळो बघ!”

सगुण आला. पण शेवंती त्याच्या आधी पोचली होती. ती खाली बसली. पांढऱ्या मुळ्यावर एक ठिपका होता. तिने तो बोटावर घेतला, उजेडात धरला, मग नाकाशी नेला.

“काळां,” ती म्हणाली. “काजूचां तेल.”

“म्हणजे परत बिघाडली?” आनंदीने विचारले.

“नाय,” शेवंती म्हणाली. बोटावर फोड येऊ नये म्हणून तिने ते पदराला पुसले आणि टोपली उन्हात ओढून दिली. “गळू दे ती.”